कॅसेट ३१, बाजू ब : गावच्या एका निवेदकाची आठवण जपताना

उत्तर गोव्यात खाणपट्ट्यातलं आमचं बाजाराचं गाव. गावात एक जुनं वाचनालय आहे आणि मी त्याचा चिटणीस. गावातले एक निवेदक आणि पेटीवादक वारले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘काहीतरी करायचं’ असं बैठकीत ठरलं. ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे उलगडण्यात पुढचे अकरा महिने गेले. तेच इथे मांडतो आहे. माणसांची नावं घेत नाही, गावाचंही नाही. गेलेल्या गृहस्थांना सगळं गाव भाई म्हणायचं, तेव्हा इथेही भाईच म्हणू. अशी वेळ कुठल्याही वाचनालयावर, भजनी मंडळावर येते. आमच्या चुका त्यांना आयत्या मिळाव्यात म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

भाईंचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. पणजीला एमिसोरा दे गोवा १९४६ पासून होती, पण भाईंच्या वाड्यावर रेडिओला कान लागायचे ते दुसऱ्याच आवाजासाठी. नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या रानातून भूमिगत केंद्र चालवत होते, ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. रेडिओ शेजारच्या दुकानदाराकडे. आतली खोली, दारं लावलेली, आवाज अगदी बारीक. वाटेवर नजर ठेवायला बाहेर बसवलेला पोरगा म्हणजे भाई. “मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. फटीतून आत बसलेल्यांची तोंडं तेवढी दिसायची,” असं ते सांगायचे. या धंद्यात ते का पडले असं विचारलं की हीच गोष्ट, आणि दर वेळी तेवढीच. पुढे काही नाही.

पेटी ते देवळात, सप्त्याच्या भजनाला बसून शिकले. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, असा तेव्हाचा आक्षेप. पोर्तुगीजांच्या केंद्राला अर्थातच तो नियम लागू नव्हता. मुक्तीनंतर केंद्र आकाशवाणीकडे आलं, त्यासोबत नियमही आला. भाईंचे गुरू म्हणायचे, “गोंय सुटलें, पेटी शिरकली.” शिरकली म्हणजे अडकली. गुरू कधीच माइकसमोर वाजवू शकले नाहीत. शिष्य आत गेला तो आधी आवाज म्हणून. सत्तरच्या दशकात भाई नैमित्तिक निवेदक झाले, आणि पेटीची ऑडिशन त्यांनी बरीच नंतर दिली.

नैमित्तिक निवेदकाला महिन्याला सहा ड्यूट्या. त्यावर घर चालत नाही. भाई दिवसा सहकारी सोसायटीत हिशेब लिहायचे, संध्याकाळी पोरांना पेटी शिकवायचे, आणि जत्रांचे दिवस आले की रात्र रात्र नाटकाला पायपेटीवर. गोव्यात गावची जत्रा म्हणजे देवळासमोर मराठी नाटक आलंच. डिसेंबर ते एप्रिल त्यांची झोप बसमध्ये व्हायची. सकाळची ड्यूटी असली की आदल्या रात्रीच पणजीला मुक्काम, कारण सहाच्या आत स्टुडिओत पोचवणारी बस आमच्या गावाहून नव्हतीच.

त्यांची निवेदनाची एक लकब गावात अजून नकलेला चालते. फर्माईश वाचताना ते नुसतं गावाचं नाव घेत नसत, वाडाही सांगत. “आणि त्यांच्या घरची सगळी मंडळी” हे शेवटी ठरलेलं. आपलं घर त्या ‘मंडळीं’त बसतं, एवढ्यासाठी लोक पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचे. कागद ते कधी उलटत नसत. सगळी पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडून ठेवत आणि आपणच खुर्चीतल्या खुर्चीत सरकत, म्हणजे माइकला खसखस जात नाही. वाचनालयाच्या वर्धापनदिनी सूत्रसंचालन करतानाही ते असेच सरकायचे. पोरं हसायची.

अडचण

भाई मे महिन्याच्या शेवटी गेले. बाराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं आणि कपाटाखालून तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढून काढल्या. म्हणाल्या, “हें तुमकां जाय जाल्यार व्हरात. ना जाल्यार पावसांत कुसून वतलें.” हवं तर न्या, नाहीतर पावसात कुजून जाईल.

मोजल्या तर ५७ कॅसेटी. निम्म्यांवर काही लिहिलेलंच नाही. काहींवर धाकट्या मुलीच्या अक्षरात ‘डान्स’. काहींच्या खिडकीतून पांढरी बुरशी सरळ दिसत होती.

दुसरीकडे कुठे काही असेल का, ही पहिली शंका. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रेडिओचं काम पाव इंची टेपेच्या स्पूलांवर चाले. स्पूल महाग, म्हणून कार्यक्रम झाला की पुसायचा आणि परत वापरायचा, ही जगभरची रीत होती. जपून ठेवत ते मोठ्या गायकांच्या मैफली, मान्यवरांची भाषणं. फर्माईश वाचणाऱ्याचा आवाज कोण ठेवणार? त्यात निवेदन बहुतेक थेटच, ते टेपेवर चढतच नसे. म्हणजे भाईंचं जे काही उरलं होतं ते ऐकणाऱ्यांच्या घरी उरलं होतं, रेडिओला टेपरेकॉर्डर टेकवून भरलेलं. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर निघाला. आमच्या भाईंचा कपाटाखालून बाहेर काढायचा होता, आणि पाऊस दहा दिवसांवर होता.

खरी अडचण मात्र माणसांची. भाई सगळ्यांचेच. देवस्थान समितीला वाटत होतं ते भजनाचे, नाट्यमंडळाला ते ऑर्गनवाले, आम्हाला ते वाचनालयाचे. थोरला मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याला बाबांचं नाव चांगल्या रीतीने निघावं एवढंच हवं होतं. धाकटी मुलगी फोंड्याला शिक्षिका. तिला सगळं हवं होतं, बरंवाईट सगळं.

कोणते पर्याय होते

शोकसभा आणि स्मरणिका हा आमच्याकडचा राजमार्ग. व्यासपीठावर सात खुर्च्या, सातजणांची भाषणं, शेवटी जाहिरातींच्या मधे चार लेख असलेली स्मरणिका. मी स्वतः अशा पाच तरी काढल्या आहेत आणि त्यातलं एकही पान कुणी दुसऱ्यांदा वाचलेलं मला माहीत नाही. तरी हा पर्याय सोडणं सोपं नव्हतं, कारण जाहिराती मिळतात आणि वाचनालयाचं छप्पर गळत होतं.

एका ट्रकमालकांनी ५० हजार देऊ केले. भाईंच्या नावे दरवर्षी पेटीवादन स्पर्धा, आणि फिरत्या चषकावर त्यांच्या वडिलांचं नाव. वडिलांनी आयुष्यात पेटी ऐकली होती की नाही देव जाणे, पण ५० हजार हे ५० हजार. पंचायतीतून कुणीतरी रस्त्याला नाव द्यायची कल्पना काढली. त्यात बाजारातला कुठला रस्ता, यावरच दोन बैठका गेल्या आणि ती आपोआप मावळली.

चौथी कल्पना धाकटीची. “बाबांबद्दल कोणी बोलू नका. बाबांनाच ऐकवा.” श्रवणसभा. कॅसेटी साफ करायच्या, संगणकावर उतरवायच्या, त्यातला तासाभराचा ऐवज निवडायचा आणि लोकांना बसून ऐकू द्यायचा.

आम्ही तिच्या बाजूने गेलो. तत्त्वासाठी गेलो असं म्हणायला आवडेल, पण खरं कारण वहिनी. त्यांनी निरोप धाडला होता की भाषणं असतील तर मी येणार नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्याच येणार नसतील तर सभा कुणासाठी? ट्रकमालकांनी पैसे मागे घेतले. छप्पर तो पावसाळाभर गळलं.

कामाची सुरुवात आणि माझी घोडचूक

पिशव्या घरी आणल्या त्याच संध्याकाळी मला राहवलं नाही. एक १२० मिनिटांची कॅसेट घरच्या जुन्या टू-इन-वनमध्ये घातली. १२० ची टेप ६० मिनिटांच्या कॅसेटीतल्या टेपेच्या जेमतेम निम्मी जाड असते, त्यात ही ओली, बुरसटलेली. चार मिनिटं भाई बोलले. मग आवाज लांबला, गडगडला, आणि रोलरमध्ये टेप गुंडाळली गेली. सोडवताना वीतभर तुकडा चुरगळला तो कायमचा. कॅसेटीत टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते, म्हणजे वीतभर टेप पाच सेकंदांची. त्या पाच सेकंदांत भाई एका गाणाऱ्या बाईंचं नाव सांगत होते. “आणि आता गायिका...” इतकं शाबूत आहे. पुढे खरखर.

त्यानंतर मी हात लावला नाही. जत्रांना साउंड लावणारा गावातला एक मुलगा आहे, त्याला बोलावलं. त्याने आधी सगळ्या कॅसेटी पत्र्याच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद करून तीन आठवडे ठेवल्या. नुसतं थांबायचं. मग तोंडाला मास्क लावून, पडवीत बसून, एकेक कॅसेट हाताने फिरवत कोरड्या कापडाच्या चिमटीतून टेप सरकवायची. कापडावर पांढरी भुकटी यायची, तिला ओल्या जमिनीसारखा वास. स्क्रूवाल्या कॅसेटी उघडता येतात. चिकटवलेल्या असतील तर कवच फोडून टेप नव्या कवचात घालावी लागते. टेपेला हेडवर, म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा लोकरीचा चिमुकला तुकडा बऱ्याच कॅसेटींत गळून पडलेला होता. तो नसला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. दर कॅसेटीनंतर डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर एकीची बुरशी दुसरीला.

मग हेडचा कोन. बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवत राहायचं आणि भाईंच्या ‘स’कडे कान ठेवायचा. ‘सकाळचे सहा वाजून’ मधला ‘स’ धारदार झाला की कोन बसला. घरोघरच्या टेपरेकॉर्डरचा कोन वेगळा, म्हणून प्रत्येक कॅसेटीला हे नव्याने. टेप उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. ५७ कॅसेटी म्हणजे साधारण ६५ तास, रोज संध्याकाळी दोन तास. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइली, तासाला जवळजवळ एक जीबी. तीन प्रती केल्या : एक वाचनालयात, एक धाकटीकडे फोंड्याला, एक थोरल्याबरोबर बोटीवर. भाईंचा आवाज सध्या कुठल्या समुद्रात आहे हे आम्हाला नेहमीच माहीत नसतं.

५७ पैकी ३३ कॅसेटींत भाई सापडले. १९ मध्ये निवेदन, ११ मध्ये पेटी, तिघांत दोन्ही. उरलेल्या २४ मध्ये सिनेमाची गाणी, गोष्टी, आणि एकीत धाकटीने दहावीला पाठांतरासाठी भरलेला इतिहास.

“हो तांचो ताळो न्हय”

पहिल्या सहा कॅसेटी उतरल्यावर वहिनींना ऐकवल्या. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. हा त्यांचा आवाज नव्हे, पातळ आहे. आम्ही समजूत घातली : तरुणपणचा आवाज, मीडियम वेव्हवरून भरलेला, त्यात खर्ज कुठून येणार? त्या गप्प बसल्या, पण पटलं नव्हतं.

परत येताना साउंडवाला मुलगा म्हणाला, “सर, टेप पळत असंल तर?” भाईंची पेटी घरीच होती. दुसऱ्या दिवशी ज्या कॅसेटीत ती वाजली होती ती लावली आणि शेजारी तीच पेटी घेऊन बसलो. कॅसेटीतला षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी एक पट्टीच्या वर बसत होता, पण पुढच्या पांढऱ्या पट्टीपर्यंतही जात नव्हता. अधांतरी. टेप तीन टक्के जोरात चालली की सूर जवळजवळ पाव स्वर चढतो, आणि आमचा डेक तेवढाच पळत होता. पेटीचे सूरही गोव्याच्या हवेत इतक्या वर्षांत थोडे हलतात, हे कबूल. पण सगळ्याच कॅसेटींत तेवढाच फरक आणि त्याच दिशेने म्हटल्यावर दोष डेकचाच. वेग दुरुस्त करून सहाही कॅसेटी पुन्हा उतरवल्या. या वेळी वहिनी काही बोलल्या नाहीत, मिक्सर बंद करून ऐकत राहिल्या.

हा प्रसंग मुद्दाम लांबवून सांगितला. ज्या पेटीला रेडिओने ३१ वर्षं दारात उभं केलं नाही, तिने रेडिओवरचा आवाज जागेवर आणला, याची मला जरा गंमतही वाटते.

खरखर काढायची का, यावर थोडा वाद झाला. मूळ फाइलींना हात लावायचा नाही आणि ऐकवायच्या प्रतीतून फक्त विजेची घूं काढायची, असं ठरलं. त्या मागे कोंबडा आरवतो, कुणीतरी विहिरीत कळशी सोडतं, ते राहू दिलं.

तीन वर्षांची पोकळी

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भाई जवळजवळ तीन वर्षं माइकसमोर बसलेच नाहीत. गावातल्या जुन्यांना हे माहीत आहे, पण बोलत कोणी नाही.

तो काळ राजभाषेच्या आंदोलनाचा. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामकाजात मराठीलाही जागा राहिली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. पुस्तकात हे दोन ओळींत मावतं. आमच्या गावात एकेका घरात चूल एक आणि मतं दोन होती. भाई घरी कोकणी बोलायचे, भजन मराठी, नाटक मराठी, वर्तमानपत्र मराठी, आणि निवेदन दोन्हीत. कोकणीवाले त्यांना मराठीवाला म्हणायचे, मराठीवाले म्हणायचे हा तिकडचा.

वहिनी सांगतात, घशाला गाठ आली होती, डॉक्टरांनी बोलायला मना केलं. नाट्यमंडळातले म्हणतात, दोन्हीकडच्या शिव्यांना कंटाळले. ट्रंकेत फर्माईशीची शंभरावर पोस्टकार्डं जपलेली आहेत. त्यात दोन वेगळी निघाली, निनावी. एक मराठीत, एक कोकणीत. दोन्हींतली भाषा इथे छापण्याजोगी नाही. भाईंनी ती दोन्ही एकाच दोऱ्याने बांधून ठेवली होती.

थोरल्याचा बोटीवरून फोन आला, हे नको. धाकटी म्हणाली, हे नसेल तर माझं नाव काढा. बैठकीत तीन मतं तिकडे, तीन इकडे आणि निर्णायक मत माझं. मी पळवाट काढली असं म्हणा हवं तर. पुस्तिकेत एवढंच छापलं : या तीन वर्षांत ते गेले नाहीत, घरचे सांगतात घसा दुखावला होता, ट्रंकेत त्या काळची दोन निनावी पत्रं आहेत. कारण आम्ही लिहिलं नाही. मला स्वतःला वाटतं, दोन्ही खरं असावं. ज्याचा घसा बसला आहे त्याला परत यायची घाई नसण्याचं कारणही असू शकतं. पत्रांची छायाचित्रं छापली नाहीत, ते बरं केलं. गाव लहान आहे, अक्षर ओळखतात.

जी मैफल ऐकवली नाही

भाईंची सगळ्यात सुंदर पेटी एका ९० मिनिटांच्या कॅसेटीत आहे. घरगुती बैठक, गाणारी तरुण बाई, तबला आणि भाई. बाईंनी तान अर्ध्यावर सोडली की पेटी ती उचलते, पण पुढे नेत नाही. तिथेच धरून ठेवते, बाई परत येईपर्यंत. सभेचा शेवट याच तुकड्याने करायचा असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

गाणाऱ्या बाई हयात आहेत, गोव्याबाहेर असतात. कायद्याने कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा, तो अजून संपलेला नाही, हे आमच्या एका वकील सभासदांनी सांगितलं होतंच. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींचं गणित वेगळं. प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा, तो संपला होता, पण मधल्या गाण्यांचे हक्क निराळे. म्हणून गाणी कापून फक्त निवेदन ठेवलं. बाईंना मात्र कायदा नसता तरी विचारलं असतं. धाकटीने फोन केला. त्या खूप वेळ भाईंबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, नको. लग्नानंतर त्यांनी गाणं सोडलं होतं आणि त्या गात होत्या हे सासरच्या पुढच्या पिढीला ठाऊकच नाही. आमच्या भागात गाणाऱ्या बाईकडे एके काळी कोणत्या नजरेने पाहत, हे गोव्यातल्या वाचकांना मी सांगायला नको.

कार्यकारिणीत एकजण म्हणाला, नाव न घेता ऐकवू, कोणाला कळणार? ज्या गावात लोक अक्षर ओळखतात, तिथे गळा ओळखणार नाहीत? ती फाइल वेगळ्या ड्राइव्हवर घालून पाकीटबंद केली. पाकिटावर लिहिलं आहे : बाईंच्या परवानगीशिवाय उघडू नये. सभेचा शेवट त्यामुळे लंगडा झाला, आणि तो लंगडाच राहू दिला.

श्रवणसभा

एप्रिलमधला रविवार, संध्याकाळी सहा. वाचनालयात व्यासपीठ मांडलं नाही. टेबलावर भाईंचा लाकडी पेटीचा रेडिओ, त्याच्या आत साउंडवाल्याने स्पीकर बसवलेला. खुर्च्या ९०. त्या भरल्या आणि लोक व्हरांड्यात उभे राहिले.

४७ मिनिटं ऐकवली. मध्यावर आम्ही कॅसेट ३१ ची बाजू ब लावली. ती कॅसेट मुळात सिनेगीतांची. दोन गाण्यांच्या मधे चौदा सेकंद भाई घरी माइक तपासून बघताहेत. आधी भांड्यांचा आवाज, मग भाई कोकणीत, अगदी घरच्या आवाजात, “च्या जाली गो?” उत्तर नाही. मग घसा साफ करणं, आणि मग एकदम तो दुसरा आवाज, “नमस्कार, श्रोतेहो.”

हॉलमध्ये थोडं हसू फुटलं. पहिल्या रांगेतून वहिनी कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “दूद नाशिल्लें त्या दिसा.” दूध नव्हतं त्या दिवशी.

पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. इन्व्हर्टर आहे, पण साउंडची लाइन त्यावर घ्यायची राहिली होती. हीही आमचीच चूक. अंधारात सगळे बसून. मागून कुणीतरी म्हातारं माणूस हुबेहूब भाईंच्या ढबीत म्हणालं, “व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” सहा मिनिटं वीज नव्हती, एकही माणूस उठला नाही.

सोळा पानांची पुस्तिका निघाली, जाहिराती नाहीत. सभेनंतर आणखी चार घरांतून मिळून अकरा कॅसेटी आल्या. लोकांना त्यांचं मोल माहीत नव्हतं असं नाही. वाचनालयाला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

मशीन आधी तपासून घेईन आणि बुरसटलेल्या कॅसेटीला पहिल्या दिवशी हातच लावणार नाही, हे उघड आहे. पण जी चूक मला अजून खुपते ती वेगळी.

भाईंबरोबर चाळीस वर्षं तबल्याला बसलेले काका तेव्हा ८४ वर्षांचे होते, खणखणीत. जूनमध्ये मी त्यांना भेटलो. ते बोलायला उत्सुक होते. मीच म्हटलं, आधी कॅसेटी उतरवून होऊ देत, मग त्या घेऊन येतो आणि निवांत बसू. कॅसेटी कुजत होत्या, त्यांची घाई दिसत होती. काकांची घाई दिसत नव्हती. खरं तर डब्यात बंद झाल्यावर त्या कॅसेटी सहा महिने काय, वर्षभर तशाच राहिल्या असत्या. सिलिका जेलच्या पुड्या घातल्या त्याच दिवशी मी नुसता मोबाइल घेऊन काकांकडे बसायला हवं होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. कळतं सगळं, पण बोलता येतो तो एकच शब्द, “हय”. हो. नाही म्हणायचं असलं तर डोळे मिटतात.

सात कॅसेटी अशा आहेत की त्यांत गाणारं कोण, हे आम्हाला कुणालाच ओळखता आलं नाही. तबला त्यांचाच आहे. आमच्या वहीत त्या सातांपुढे प्रश्नचिन्हं आहेत. त्यातली एक मी पहिल्या रात्री चुरगळलेली, “आणि आता गायिका...” वाली.

सभेनंतर महिन्याभराने मी आणि धाकटी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. त्या काळात आमच्या आणि आसपासच्या तालुक्यांत गाणाऱ्या माणसांची यादी नाट्यमंडळाच्या जुन्या हस्तपत्रकांवरून केली होती, एकेचाळीस नावं. एक तुकडा वाजवायचा आणि नावं एकेक करून वाचायची. काका डोळे मिटत, उघडत. उजवा हात पडलेला होता, डावा चादरीवर ठेका धरत होता. तिसऱ्या कॅसेटीला, बाविसाव्या नावाला, “हय.” धाकटीने वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं. पाचवीला आणखी एक. मग ते थकले, सून म्हणाली आज पुरे.

चुरगळलेल्या कॅसेटीला त्यांनी सगळ्या नावांना डोळे मिटले. ती बाई आमच्या यादीतच नाही.

पाच उरल्या आहेत. येत्या रविवारी नवी यादी घेऊन जायचं आहे.